माघारी फिरलेल्या विमानाचं ऋण

ज्या दोन वैमानिकांचं मी देणं लागते, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. 17 एप्रिल 2018 च्या संध्याकाळी मुंबईहून कोलकात्याला येणाऱ्या त्यांच्या विमानात माझे वडील अण्णा आणि मी होतो, एवढीच ओळख.

अण्णा पहिल्यांदाच विमानात बसले होते. महाड आगारातून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. वरंधा आणि आंबेनळी हे दोन्ही घाट त्यांनी भर पावसाळ्यात चालवलेले. खिडकीपेक्षा त्यांचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे जास्त होतं.

त्या संध्याकाळचं काळबैशाखीचं वादळ कोलकातेकर अजून विसरलेले नाहीत. वाऱ्याचा वेग ताशी 98 किलोमीटरपर्यंत गेला, झाडं उन्मळून पडली, माणसं दगावली. चैत्र-वैशाखात छोटा नागपूरचं पठार दिवसभर तापतं, बंगालच्या उपसागरावरची ओली हवा तिकडे ओढली जाते, ढग उभेच्या उभे वाढतात आणि दिवस कलला की वायव्येकडून शहरावर चालून येतात. कोलकात्याच्या दमदम विमानतळाच्या धावपट्ट्या जवळजवळ दक्षिणोत्तर आहेत, त्यामुळे हा वारा विमानाला कुशीत बसतो. ढगातून कोसळणारी थंड हवा तर त्याहून वाईट. ती जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो आणि ते उचललं जातं. वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो न करतो तोच वारा पाठीमागून येतो आणि विमान खचतं. तेव्हा जमीन काहीशे फुटांवर असते.

हे सगळं मला नंतर कळलं. आत बसून कळत होतं ते एवढंच, की आम्ही बराच वेळ घिरट्या घालतोय, विजा आता खालच्या बाजूला चमकतायत आणि हवाई सुंदरीही पट्टा आवळून बसलीय. मग चाकं उघडल्याचा धक्का जाणवला. ढग फाटले, ओल्या रस्त्यावरचे दिवे दिसले, विमान एका अंगावर झुकलं, सावरलं, पुन्हा झुकलं. आणि एकदम इंजिनं गरजली, पाठ खुर्चीला चिकटली, दिवे नाहीसे झाले. कुणीतरी रामनाम घेत होतं. बऱ्याच वेळाने कॅप्टनचा आवाज आला. अगदी सपाट आवाज. दमदमची हवा उतरण्याजोगी नाही, आपण भुवनेश्वरला जात आहोत.

भुवनेश्वरला विमानातच बसून राहावं लागलं आणि भीती ओसरताच लोकांना राग आला. एक गृहस्थ हवाई सुंदरीवर ओरडले, “बाकीची विमानं उतरतायत, मग आपलंच का नाही?” बाकीची उतरतायत हे त्यांना कुणी येऊन सांगितलं, देव जाणे. ती मुलगी बिचारी पाणी वाटत राहिली. अण्णा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “बाय, घाटात गाडी पुढे दामटायला काय लागतं? चाळीस माणसं मागून ‘चला चला’ करत असताना ती माघारी घ्यायला छाती लागते.”

मध्यरात्र उलटल्यावर त्याच वैमानिकांनी आम्हाला दमदमला आणून उतरवलं.

कोलकात्यात आमच्या शेजारी राहणारे मेशोमशाय (बंगालीत मावसोबा) दमदमच्या कंट्रोल टॉवरमधून निवृत्त झालेले. अण्णांना हिंदी बेताची, त्यांना मराठी शून्य, तरी दोघांचं चांगलंच जमलं. चहा घेताना मेशोमशायांनी 12 जून 1968 ची रात्र सांगितली. बँकॉकहून आलेलं पॅन अ‍ॅमचं बोइंग 707 पावसात दमदमला उतरत होतं. ते हवं त्यापेक्षा खाली आलं आणि धावपट्टीच्या किलोमीटरभर आधी झाडाला धडकलं. 63 पैकी 6 जण गेले. मंगळूरचा अपघात तर आपल्याला आठवतोच. 22 मे 2010 ला तिथे पाऊसही नव्हता; सहवैमानिक ‘माघारी फिरा’ म्हणत असताना कॅप्टनने विमान उतरवलं आणि 158 माणसं गेली.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासातला एक आकडा मी पुढे वाचला. वेग, उंची, दिशा यांचं गणित बसलेलं नसतानाही वैमानिक 100 पैकी जेमतेम 3 वेळा माघारी फिरतात. बाकीचे उतरतातच, आणि बहुतेकदा निभावतंही. निभावतं म्हणूनच ती सवय मोडत नाही. आमचे दोघे त्या तिनांतले निघाले. वादळातून विमान खाली आणणाऱ्याला टाळ्या मिळतात. ज्यांनी आणलं नाही त्यांना त्या रात्री शिव्या मिळाल्या. कौशल्य दोघांकडेही असेल, पण माझ्या लेखी दुसऱ्याचं काम मोठं.

त्या रात्री दमदमला विमानातून बाहेर पडताना अण्णा दारापाशी थांबले होते. कॉकपिटचं दार बंद होतं. त्या बंद दाराला हात जोडून ते खाली उतरले. नंतर मी विमान कंपनीला पत्र लिहिलं, त्याला छापील उत्तर आलं.

वाचकांपैकी कुणाच्या घरात त्या रात्री कोलकात्याहून भुवनेश्वरला वळलेलं विमान चालवणारं माणूस असेल, तर महाडच्या एका एसटी ड्रायव्हरचा नमस्कार त्यांना जरूर सांगावा.