न वाचलेला अर्ज

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संस्थेचा निरोप आला तेव्हा शाळेच्या वाटचालीविषयी लिहावे असे मनात होते. ते काम आमचे सहकारी अधिक चांगले करतील. आम्हास एका चुकीविषयी लिहावयाचे आहे, आणि ती शाळेची नव्हे, आमची आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहात वाढलेला एक वारली विद्यार्थी एलएल.बी. होऊन भेटावयास आला. डहाणू-तलासरीतील कितीतरी आदिवासी पावसाळा सरला की उचल घेऊन गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यांपैकी काही समुद्रात पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात पडतात. त्याचा काका त्यांतलाच. "सर, काकाने नेमका कोणता कायदा मोडला, तेवढे मला शिकायचे आहे," तो म्हणाला. परदेशी विद्यापीठात सागरी कायद्यावर संशोधन करण्यासाठी फेलोशिपचा अर्ज त्याने सोबत आणला होता. आम्ही तो न वाचताच म्हणालो, "अरे, आधी पोटापाण्याचे बघ. समुद्राचा कायदा शिकून घर चालते का?" त्याने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. आज तो वकिली करतो, सणावाराला आदराने भेटतो. पण तो विषय पुन्हा कधी काढीत नाही.

इतिहास शिकविणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य शोभले नाही. १९१३ साली बडोदे सरकारची दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून बाबासाहेब कोलंबियास जाऊ शकले, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, हेही सांगतो. १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज, एवढ्या बळावर ते पुन्हा गेले. पुढे १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचून त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. आपले गाऱ्हाणे जगाच्या दरबारात कोणत्या कलमाखाली मांडता येते, याची चौकशी त्यामागे होती. आमच्या विद्यार्थ्याची चौकशी त्याहून वेगळी होती काय?

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढे स्वतः शोधले, तेव्हा खजील झालो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा कराराचे ७३ वे कलम सांगते की, किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडल्यास, संबंधित देशांत तसा वेगळा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देता येत नाही. वाजवी हमी दिल्यावर बोट व खलाशी तत्परतेने सोडावे लागतात. भारताने हा करार १९९५ मध्ये व पाकिस्तानने १९९७ मध्ये स्वीकारला आहे. मग खलाशी वर्षानुवर्षे तुरुंगात का? एक पेच असा की, बारा मैलांच्या आतील प्रादेशिक समुद्रास हे कलम लागू नाही, आणि सर क्रीकच्या तोंडाशी दोन्ही देशांची सागरी सीमाच ठरलेली नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही सरकारे दर १ जानेवारी व १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. यादीत नाव दिसते, पण माणूस घरी येत नाही. हा एका प्रबंधाचा विषय आहे, आणि तो लिहिण्याचा अधिकार त्या घरातल्या मुलाइतका कोणाचा असेल?

'जागतिक' म्हणजे न्यूयॉर्क-जिनिव्हाचे, आपल्या चिंचणीचे नव्हे, हाही आमचाच भ्रम. येथे सापडलेल्या शके ८४८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संजाणचा कारभार पाहणारा मधुमती हा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी भेटतो. शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्यांवर व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख असते. आपल्या गावावर दूरचे कायदे चालतातच. ते वाचणारे मात्र आपल्यातले नसतात.

पालकांनी माहीत करून घ्यावे म्हणून लिहितो. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची स्वतंत्र योजना आहे. श्रीलंकेचे हॅमिल्टन शर्ली अमेरासिंघे तिसऱ्या सागरी कायदा परिषदेचे अध्यक्ष होते. त्यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रे याच विषयासाठी फेलोशिप देतात, परंतु ती त्या क्षेत्रात काही काळ काम केलेल्यांसाठी आहे. एक सावधगिरी: २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने आपल्या योजनेतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास व भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय वगळले. आमचा स्वतःचाच विषय गेला, ते बोचले. पण अर्ज लिहिताना ते विसरून चालत नाही.

यंदा आपली एक माजी विद्यार्थिनी एलएल.एम. होऊन सागरी कायद्याचाच विषय घेऊन आली. या वेळी आम्ही अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. संशोधनाचा आराखडा तपासावयास त्या वकील विद्यार्थ्यालाच बोलावले. तो आला. दोन रविवार वसतिगृहाच्या ओसरीवर बसून त्याने तिचा मसुदा लाल शाईने भरून टाकला. आपल्या जुन्या अर्जाविषयी तो काही बोलला नाही, आम्हीही विचारले नाही. आता तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला तेवढा यावयाचा राहिला आहे.