मिटणारे डोळे

आमचा पग उघड्या डोळ्यांनी झोपत असे, आणि त्याचे आम्हांस कोण कौतुक! मांजरीच्या घरी येणाऱ्या प्रत्येकास तो चमत्कार आम्ही दाखवीत असू. २००३ साली हचच्या जाहिरातीत मुलामागून चालणारा पग पाहून जे भाळले, त्यांतले आम्हीही एक. पुढे पिल्लू आणले तेही त्या मोठ्या डोळ्यांपायीच. त्याच्या डाव्या बुबुळावर तपकिरी डाग पसरू लागला, तेव्हा दोष रस्त्यावरच्या धुळीस दिला.

डॉक्टरांनी खुलासा केला. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत डोळ्याची खोबण उथळ आणि पापण्यांमधली फट फार मोठी असते. पापणी पुरती मिटत नाही, बुबुळाचा मध्य कोरडा पडतो, नाकावरच्या घडीचे केस घासत राहतात. मग जखमा होतात, काळपट थर चढतो, प्रसंगी दृष्टी जाते. शस्त्रक्रियेत नाकाकडच्या कोपऱ्यात दोन्ही पापण्यांच्या कडा किंचित कापून एकमेकींस शिवतात, म्हणजे फट लहान होते. गेलेली नजर याने परतत नाही. उरलेली राखता येते.

“डोळे लहान दिसतील, चालेल ना?” त्यांनी विचारले, आणि आम्ही क्षणभर गप्प राहिलो. त्या क्षणाची लाज अजून वाटते. ज्याला आम्ही रूप म्हणत होतो ते माणसाने निवडून निवडून पैदा केलेले व्यंग होते, आणि आम्ही त्याचे पैसे मोजले होते.

टाके निघाले. आता दुपारी तो घोरतो (तेही त्या चपट्या नाकामुळेच), पण डोळे मिटून. डाग आहे तेथेच आहे. थेंब घालावे लागतातच.