परतूर, पाइप आणि पंचवीस हजार व्होल्ट

‘या वीकेंडला कुठे?’ या प्रश्नाला ‘परतूर’ असं उत्तर दिलं, की समोरचा दोन सेकंद हँग होतो. मग विचारतो, ‘म्हणजे कुठे?’ जालना जिल्हा, मराठवाडा, असं सांगितलं तरी चेहरा कोराच. तिथे बीच नाही, रिसॉर्ट नाही, कॅपुचिनो तर विसराच. पण माझी आत्या आहे. तिच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हेच माझं डेस्टिनेशन!

सकाळी मुंबईहून तपोवन पकडली. मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना... खिडकीबाहेर काळी जमीन आणि कपाशी सुरू झाली, की समजायचं आपण पोचत आलो. ही लाइन निझामाच्या काळातली, १९००च्या सुमाराला सुरू झालेली. तेव्हा मीटरगेज होती, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. आता रुळांवर विजेची तारही आलीय. जालन्याहून मुंबईला जाणारी वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ला सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५मध्ये ती नांदेडपर्यंत वाढली. म्हणजे ती परतूरवरूनच जाते. अमृत भारत योजनेत परतूर स्टेशनचं नावही आहे. एकूण काय, आपलं झोपाळू परतूर सॉलिड बदलतंय.

हे कौतुक करत ट्रॉली बॅग ओढत स्टेशनबाहेर आले आणि थबकलेच. समोर रस्ताच नव्हता! होता तो कमरेच्या वर खोल चर, कडेला काळ्या मातीचा ढिगारा आणि मध्ये एक डगमगती फळी. ना पट्टी, ना दिवा, ना बोर्ड. एक आजी डोक्यावर गाठोडं घेऊन त्या फळीवरून निघाल्या होत्या. मी श्वास रोखून उभी.

‘कामून घाबरली गं? नळाचा पाइप टाकायलेत,’ मागून आवाज आला. आत्याचे मिस्टर, आमचे मामा, मला घ्यायला आले होते.

मामांची ओळख करून देते. ते रेल्वेत कीमन होते. म्हणजे खांद्यावर हातोडा-पाना, हातात लाल-हिरवी झेंडी घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासणारा माणूस. आता रिटायर झालेत. पण रस्त्यात खड्डा दिसला, की अजूनही आधी त्याची खोली मोजतात.

चहा घेता घेता मी वैतागले, ‘मामा, पाइप टाकायचाच कशाला स्टेशनसमोर?’ त्यावर आत्याच उसळली. ‘उन्हाळ्यात हंडे भरून बघ, मग बोल!’ पॉइंट होता. टँकरची वाट बघत या भागाने किती उन्हाळे काढलेत. म्हणून तर निम्न दुधना धरणाच्या पाण्यावर परतूर, मंठा आणि जालना तालुक्यांतल्या १७६ गावांसाठी वॉटर ग्रीडची योजना आली. स्टेशनसमोरचा चर वेगळ्या कामाचा होता, पण तहान तीच. पाणी हवंच आणि गाडीही हवीच. प्रश्न एवढाच, की दोघांचं जमवायचं कसं?

मामांचा फंडा सिंपल आहे. ‘खोदायच्या आधी इचारायचं. बस्स.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा त्यांनी मला हे सगळं समजावलं. रुळाखालून पाण्याचा पाइप न्यायचा असेल, तर जेसीबी घेऊन थेट सुरू होता येत नाही. नांदेडच्या डीआरएम ऑफिसची परवानगी लागते, नकाशा द्यावा लागतो. मग रूळ न उखडता दोन्ही बाजूंना लांब खड्डे घेतात आणि लोखंडी केसिंग पाइप जॅकने आडवा ढकलत नेतात. पाण्याचा पाइप त्याच्या आत. कारण? उद्या तो फुटला तर पाणी भरावात न मुरता केसिंगच्या तोंडातून बाहेर यावं. इथली काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसून भेगाळते. तिच्यात पाणी मुरलं तर वरचा रूळ जागचा हलायला कितीसा वेळ? काम चालू असेपर्यंत गाड्यांना कॉशन ऑर्डर, म्हणजे वेग कमी. कामावर रेल्वेचा माणूस हजर.

आणि केबल? स्टेशनजवळच्या जमिनीत सिग्नलच्या केबल असतात. त्यासाठी रेल्वे बोर्डाने २०१३मध्ये नियमच घालून दिलाय, की खोदणाऱ्याने आधी सिग्नलवाल्यांना कळवायचं आणि केबलचा मार्ग जमिनीवर आखून घ्यायचा. मामांच्या नोकरीत एका ठेकेदाराने हे केलं नव्हतं. जेसीबीचा एक दात लागला आणि केबल तुटली. सिग्नल लाल झाला, कारण बिघडला की लालच व्हायचं अशीच त्याची रचना असते. अपघात झाला नाही. पण मग स्टेशन मास्तरांनी कागदावर लिहून परवानगी द्यायची, ड्रायव्हरने हळूहळू गाडी न्यायची. ‘मशीन चुकत नाही गं, पण त्या टायमाला सगळं माणसाच्या हातात येतं,’ मामा म्हणाले.

ही गोष्ट एकट्या परतूरची नाही. देशात फक्त ऑप्टिकल फायबरच्या केबल वर्षाला सुमारे १० लाख वेळा तुटतात आणि त्यातून ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनेच २०२३मध्ये सांगितलं. त्याच वर्षी २२ मार्चला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आलं. खोदणाऱ्याने जागा सांगायची, तिथे कोणाची लाइन आहे ते कळतं. मामांचा फंडाच मोबाइलवर!

बोलता बोलता मामा गप्प झाले. याच लाइनवर, जालन्याच्या पुढे करमाडजवळ, ८ मे २०२०च्या पहाटे १६ मजूर मालगाडीखाली गेले होते. लॉकडाऊनमध्ये मध्य प्रदेशातल्या घरी चालत निघालेले, थकून रुळांवरच झोपलेले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं होतं. ‘रूळ रिकामा दिसतो, पण रिकामा नसतो,’ एवढंच मामा म्हणाले. आता तर वर २५,००० व्होल्टची तार आहे. तिला हात लावायचीही गरज नाही, लोखंडी शिडी किंवा जेसीबीचा बूम नुसता जवळ गेला तरी पुरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा त्या चराच्या मुकादमाला भेटायला गेले. मीही मागे. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यावा, असं भारतीय मानक ब्युरोची संहिता सांगते, हे मी मोबाइलवर वाचून दाखवलं. मुकादम हसला, ‘मॅडम, पाइप आज संध्याकाळी बुजवतो.’ मामांनी वाद घातला नाही. शांतपणे म्हणाले, ‘रात्री देवगिरीला माणसं येतात. लेकरं असतात त्यांच्यासंगं.’

रात्री मी देवगिरीनेच परत निघाले. चर बुजला नव्हता. पण एका फळीच्या तीन फळ्या झाल्या होत्या, चराच्या काठाने दोरी बांधली होती आणि तिला लाल कापडाच्या चिंध्या लटकत होत्या. दिवा नव्हता. तो मामांनी आणला होता, त्यांचा जुना ड्युटीचा टॉर्च. गाडी हलली तेव्हा ते स्टेशनात नव्हते. बाहेर फळ्यांपाशी उभे राहून उतरलेल्या माणसांना उजेड दाखवत होते.

जायचं कसं?
मुंबईहून तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेस. परतूरला एसटीचा डेपो आहे. शेगाव-पंढरपूर महामार्गही इथूनच जातो. लोणार सरोवर बघायचं असेल तर मंठामार्गे जा. बॅग मात्र ट्रॉलीऐवजी खांद्यावरची घ्या!