बांधाच्या आतलं पाणी

देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्दला काकांकडे गेलो की मी आधी तळ्यावर जातो. काळ्या मातीत खणलेलं शेततळं; इथे त्याला रेवासागर म्हणतात. १९९० साली देवासला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. शिवारात बोअर खोल जात राहिल्या नि आटत राहिल्या. २००६ पासून, उमाकांत उमराव जिल्हाधिकारी असताना, या भागातल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा दहावा हिस्सा सोडून तळी खणली. काका म्हणतात, "पाणी आपल्या बांधाच्या आत पाहिजे रे."

हे वाक्य मला कामातही आठवतं. मी इंदूरला सॉफ्टवेअर लिहितो, आणि आमच्या प्रकल्पात परक्यांचा कोड आमच्याहून जास्त आहे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या सबमॉड्यूलमध्ये आपल्याकडे फक्त पत्ता आणि कमिटचा क्रमांक असतो. कोड राहतो दुसऱ्याच्या घरी. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड ही ११ ओळींची लायब्ररी लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या कोड-भांडारातून काढली आणि जगभरचे बिल्ड अडले. आमच्यावरही एकदा तशी पाळी आली: नव्या यंत्रावर क्लोन केलं, तर सबमॉड्यूलच्या पत्त्यावर काहीच नव्हतं. तेव्हापासून लायब्ररी मी आमच्याच रिपॉझिटरीत, व्हेंडर फोल्डरमध्ये आणून ठेवतो.

पण आत आणलं की काम संपत नाही. एका लायब्ररीतली तारखेची चूक मी त्या फोल्डरातच दुरुस्त केली, तीही आयातीच्याच कमिटमध्ये. दोन वर्षांनी सहकाऱ्याने नवी आवृत्ती वर ओतली. दुरुस्ती पुसली गेली आणि महिनाअखेरची बिलं चुकली. दोष माझा होता. माझा बदल कोणाला दिसणारच नव्हता.

आता मूळ कोड जसाच्या तसा, परवान्याच्या फाइलसकट, एका वेगळ्या शाखेत येतो. कमिटच्या संदेशात आवृत्ती आणि उगम. तिथे आम्ही अक्षरही बदलत नाही. आमचे बदल मुख्य शाखेत, छोट्या स्वतंत्र कमिटमध्ये. नवी आवृत्ती आधी त्या कोऱ्या शाखेत उतरते, मग मर्ज होते. मूळ लेखकाने आणि आम्ही एकाच ओळीला हात लावला असेल तर गिट थांबून विचारतं. देवासच्या माणसाला अशा दोन शाखा परक्या वाटू नयेत. तुकोजी आणि जिवाजी पवारांच्या संस्थानाच्या दोन पात्या, थोरली नि धाकटी, एकाच गावात, वेगळा कारभार ठेवून नांदल्या.

तळ्यात गाळ साचतो, तसा आतला कोड शिळा होतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतली सुरक्षेची फट उघडी पडली, तेव्हा तिची प्रत आपल्याकडे नेमकी कुठे आहे हेच अनेकांना शोधावं लागलं.

यंदा वैशाखात काकांनी गाळ काढायला जेसीबी लावला. मी बांधावर बसून व्हेंडर फोल्डरातल्या एकेका नावापुढे आवृत्ती लिहीत होतो. दोन लायब्ररी कुठेच वापरात नव्हत्या. त्या तिथेच काढून टाकल्या.