घारापुरीचं रान

मुंबईत गेटवेच्या धक्क्यावरून लाँच सुटली की तासाभरात घारापुरी. लहानपणी वडिलांचं बोट धरून गेले, तेव्हा मला अप्रूप होतं ते लाँचचंच. त्या दिवशी वडिलांनी सांगितलं, राणीच्या बागेतला दगडी हत्ती मूळचा इथला. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच या बेटाला एलिफंटा म्हटलं. मग कितीतरी दिवस मी त्या हत्तीची जागा मनात शोधत राहिले.

कॉलेजात असताना इथल्या लेण्यांतल्या सदाशिवाने खिळवून ठेवलं. साडेपाच मीटरच्या आसपास उंचीची मूर्ती; डावीकडे उग्र अघोर, उजवीकडे कोमल वामदेव आणि मधे सगळं पोटात घेतलेला शांत चेहरा. सहाव्या शतकातल्या त्या कारागिरांपुढे आजही हात जोडले जातात. १९८७ साली ही लेणी जागतिक वारसा ठरली.

रान मात्र भेटलं नोकरीला लागल्यावर. लेण्यांपासून तोफांच्या टेकडीकडे वाट चढते. चिंच, करंज, आंबा, मधूनच ताड. पायाखाली वाळला पाचोळा. वर दोन जुन्या तोफा, आणि समोर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. एवढ्या मोठ्या शहराच्या इतक्या जवळ एवढी सावली उरली आहे, याचं मला तेव्हापासून फार मोल वाटतं.

आता लेकीला घेऊन जाते, ती मोराबंदरच्या बाजूला. ओहोटीला खारफुटीची मुळं उघडी पडतात आणि चिखलात निवट्या नावाच्या मासोळ्या दिसतात. डोळे वर काढून त्या पुढच्या परांवर सरकतात, चाहूल लागली की टुणकन उडी मारतात. लेक श्वास रोखून बघत राहते.

या बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं नांदतात. समुद्राच्या तळातून केबल आली आणि कायमची वीज मिळाली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, तेवढाच उजेड. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना ही माणसं अंधारात राहिली, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून एवढंच सांगणं: सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा आणि सकाळची पहिली लाँच धरा. लेणी पाहून लगेच परतू नका. टेकडी चढा, गावात जेवा, आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत न्या.