तारेच्या बाहुल्या आणि पॅरिसची अब्रू

१९४४ चा हिवाळा. पॅरिस नाझींच्या तावडीतून सुटून जेमतेम काही महिने झाले होते. शेगडीत कोळसा नव्हता, वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता, पावासाठी रांगा होत्या. अशा दिवसांत शहरातील नामांकित शिवणघरांमध्ये बायका गारठलेल्या बोटांनी कपडे शिवत होत्या. ते कपडे कोणा नटीसाठी किंवा सरदारणीसाठी नव्हते. ते होते सुमारे सत्तर सेंटिमीटर उंचीच्या, तारेच्या बाहुल्यांसाठी.

उपाशी शहराने भातुकली मांडावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी चीड आणणारी आहे. पण हा खेळ चैनीतून आला नव्हता, गरजेतून आला होता. फॅशनच्या इतिहासात एवढ्या गंभीरपणे मांडलेला पोरखेळ दुसरा क्वचितच सापडेल.

मागची हकीकत अशी. ‘ओत कुतूर’, म्हणजे एकेका ग्राहकाच्या मापाने आणि मुख्यतः हाताने शिवलेली उंची वस्त्रे, हा पॅरिसचा केवळ शौक नव्हता, तो पोटापाण्याचा धंदा होता. १९४० मध्ये शहर पडल्यावर जर्मनांनी हा सारा व्यवसाय बर्लिन आणि व्हिएन्ना येथे हलवण्याचा बेत आखला. वस्त्रकारांच्या संघटनेचे अध्यक्ष ल्यूसियाँ लेलाँ यांनी त्यांच्याशी वाटाघाटी केल्या. हा धंदा उचलून नेता येणारा नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. एका पोशाखामागे बटणे घडवणारा, पिसे रंगवणारी, कापडी फुले वळणारी, भरतकाम करणारी अशी कारागिरांची अख्खी वस्ती उभी असते आणि ती पेटाऱ्यात भरता येत नाही. जर्मनांचा बेत बारगळला. शिवणघरे पॅरिसमध्येच राहिली आणि हजारो कामगारांची रोजी टिकली.

मात्र या टिकण्याला एक काळी किनारही आहे. व्यापलेल्या शहरात उंची कपडे विकत घेणारे कोण होते? काळ्या बाजारात गबर झालेले, जर्मन अधिकाऱ्यांच्या बायका आणि त्यांच्याशी संधान बांधलेले फ्रेंच. मुक्तीनंतर पॅरिसच्या फॅशनची छायाचित्रे लंडन व न्यू यॉर्कला पोहोचली, तेव्हा तिकडे संताप उसळला. ब्रिटनमध्ये कापड शिधापत्रिकेवर मोजून मिळत होते आणि इकडे बाह्यांना भरमसाट चुण्या, घागऱ्यांना घेरच घेर. टोप्यांची तर तऱ्हाच निराळी. हॅटला लागणाऱ्या किरकोळ वस्तूंवर कापडाइतकी कडक बंधने नव्हती, म्हणून डोक्यावर मनोरे चढले. वर्तमानपत्राच्या कागदाच्यासुद्धा हॅट झाल्या. जर्मनांच्या नाकावर टिच्चून केलेली ही थट्टा होती, असे पॅरिसकरणी पुढे सांगत. त्यात तथ्य आहे. सोयीस्कर आठवणही आहे.

म्हणजे १९४४ च्या अखेरीस या व्यवसायापुढे दोन प्रश्न होते. पुन्हा ग्राहक मिळवायचे कसे आणि गेलेली अब्रू मिळवायची कशी? त्याच सुमारास ‘आँत्रेद फ्रांसेझ’ या युद्धपीडितांना मदत करणाऱ्या संस्थेने निधीसाठी संघटनेकडे विचारणा केली. नीना रिची यांचे पुत्र रोबेर रिची यांनी बाहुल्यांची कल्पना मांडली. पूर्ण मापाचे कपडे करायला कापड नव्हते, बाहुलीपुरते होते.

कल्पना नवी नव्हती. छापील फॅशनपत्रिका येण्यापूर्वी पॅरिसच्या नव्या तऱ्हा युरोपच्या दरबारांत बाहुल्यांच्या अंगावरूनच जात. त्यांना ‘पँडोरा’ म्हणत. मारी आंत्वानेतची वेशकार रोझ बेर्तँ अशा बाहुल्या पाठवत असे. रिचींनी जुनीच युक्ती उकरून काढली. बाहुली मात्र जुनी चालणार नव्हती.

ती नवी बाहुली एलियान बोनाबेल हिने कागदावर उतरवली. वय चोवीस. हिची कथा स्वतंत्र लेखाची धनी आहे. बाराव्या वर्षी तिने लुई-फर्दिनाँ सेलीन यांच्या पहिल्या कादंबरीसाठी चित्रे काढली होती. हे सेलीन पॅरिसलगतच्या क्लिशी येथे डॉक्टर होते आणि तिच्या काकांचे स्नेही होते. १९४४ साली तेच सेलीन आपल्या ज्यूद्वेष्ट्या लिखाणामुळे देश सोडून जर्मनीत पळाले होते आणि ही मुलगी इकडे मुक्त पॅरिससाठी बाहुल्या रेखाटत होती.

बोनाबेलला दुकानातली गुबगुबीत, गुलाबी गालांची बाहुली नको होती. तिने नुसती बाह्यरेषा काढली आणि ज्याँ सँ-मार्तँ या कलावंताने ती रेषा तारेत वळवली. हातांच्या जागी तार, पायांच्या जागी तार, आतून आरपार दिसणारे शरीर. जणू हवेत काढलेले चित्र. टंचाईत तार मिळत होती हे एक कारण, पण परिणाम असा झाला की अंग नाहीसे झाले आणि कपडा तेवढा उरला. कातालान शिल्पकार ज्वान रेबुल यांनी प्लास्टरची मस्तके घडवली आणि त्यांवर ओठ-डोळे रंगवायचे नाहीत असा आग्रह धरला. त्या पांढऱ्या, मुक्या चेहऱ्यांमुळे बाहुल्या गोजिरवाण्या न होता काहीशा स्मशानशांत दिसतात. रेबुलांचा हट्ट योग्यच होता. लाली लावली असती तर सारे दुकान झाले असते.

खरी कसोटी शिवणाऱ्यांची होती. माणूस एक-तृतीयांश करता येतो, कापड करता येत नाही. लोकरीची जाडी तीच राहते. रेशमाचा घोळ उंचीच्या जोरावर पडतो. उंचीच नसली तर ते फुगून उभे राहते. पट्टे रुंद दिसतात, फुले अवाढव्य वाटतात. शिवणीत दाबलेले कापड मोठ्या अंगावर लपून जाते, बाहुलीच्या कमरेवर मात्र गाठीसारखे वर येते. म्हणून बेतणे, अस्तर लावणे, टाका घालणे सगळे नव्याने शिकावे लागले. आणि लबाडी कुठेच नव्हती. काजांतून बटणे खरोखर जात, झिप खरोखर सरकत. जोडे चांभारांनी, हातमोजे हातमोजेवाल्यांनी, छत्र्या छत्रीवाल्यांनी, केस नामांकित केशकारांनी केले. दागिने थेट जवाहिऱ्यांकडून आले. चिमुकल्या पर्समध्ये पावडरीची डबी होती. कोणी पाहणार नाही अशा ठिकाणी रेशमी अंतर्वस्त्रे होती. प्रेक्षकाला न दिसणाऱ्या गोष्टीवर एवढे कष्ट का? कारण प्रेक्षक हे निमित्त होते. चार वर्षांच्या टंचाईनंतर आपल्या हातातले कसब अजून शाबूत आहे, हे त्या हातांना स्वतःलाच पाहायचे असावे.

मार्च १९४५ च्या अखेरीस, युरोपातील युद्ध अजून चालू असताना, लूव्रच्या एका भागात असलेल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात ‘तेआत्र द ला मोद’, म्हणजे फॅशनचे रंगमंदिर, उघडले. दोनशेच्या आसपास बाहुल्या; बालेन्सियागा, स्कियापारेल्ली, लेलाँ यांच्यासारखी नावे. लेलाँकडे तेव्हा पगारी डिझायनर म्हणून क्रिस्तियाँ डिऑर काम करत होते. कलासूत्रे क्रिस्तियाँ बेरार यांच्याकडे होती आणि प्रत्येक देखावा कोणा ना कोणा कलावंताचा होता.

त्यांतला ज्याँ कॉक्तो यांचा देखावा विसरता येणार नाही असा. आगीत होरपळलेली माळ्यावरची खोली, फुटलेल्या छपरातून दिसणारे पॅरिस आणि त्या भग्नावशेषावर झाडूवर बसून उडणारी नववधू! रने क्लेअर यांच्या चेटकिणीवरील चित्रपटाला कॉक्तोंनी दिलेली ती दाद होती. बाँबहल्ल्यांची सवय झालेल्या लोकांपुढे जळकी खोली मांडायची आणि तीत लग्नाच्या पोशाखातली चेटकीण उडवायची. आज ‘अवाँ-गार्द’ हा शब्द कुठल्याही विचित्र चपलेला लागतो, त्या पार्श्वभूमीवर ही वधू नीट पाहून ठेवावी.

सुमारे लाखभर लोकांनी प्रदर्शन पाहिले. मग बाहुल्या लंडन, स्टॉकहोम, व्हिएन्ना करत हिंडल्या. १९४६ मध्ये त्यांना त्या हंगामाचे नवे कपडे चढवून न्यू यॉर्क आणि सान फ्रान्सिस्कोला नेण्यात आले. अमेरिकी ग्राहक परत यावा, हा उघड हेतू होता.

आणि मग त्या विसरल्या गेल्या. दागिने तेवढे पॅरिसला परतले. बाहुल्या सान फ्रान्सिस्कोमधील ‘सिटी ऑफ पॅरिस’ नावाच्या दुकानाच्या तळघरात पडून राहिल्या. धंदा सावरला होता. १९४७ च्या फेब्रुवारीत डिऑर यांनी स्वतःच्या पहिल्या संग्रहाने जग जिंकले आणि तारेच्या बाहुल्यांची गरज संपली. १९५२ मध्ये त्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीकाठच्या उजाड कड्यावरील मेरीहिल संग्रहालयात पोहोचल्या. मूळ देखावे नष्ट झाले होते. १९८० च्या दशकात स्टॅन्ली गारफिंकल या इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्यांचा माग काढला, तेव्हा कुठे पॅरिसला जाग आली. बाहुल्या तिकडे नेऊन दुरुस्त केल्या गेल्या, देखावे नव्याने बांधले गेले, १९९० मध्ये पुन्हा प्रदर्शन झाले. मग त्या मेरीहिलला परतल्या.

बाहुलीचा खेळ फॅशनने पुढेही सोडला नाही. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएला यांनी १९९४ मध्ये गणित उलटे केले. बार्बीसारख्या बाहुल्यांचे कपडे ५.२ पटींनी वाढवून माणसांच्या मापाचे केले आणि त्यांबरोबर बटणे, झिप, टाकेसुद्धा त्याच प्रमाणात मोठे केले. बाहुलीच्या स्वेटरची वीण माणसाच्या अंगावर दोरखंडासारखी दिसू लागली. १९४५ च्या शिंपिणींनी जे लपवण्यासाठी जीव पाखडला, तेच मार्जिएलांनी उघडे केले.

२०२० मध्ये महासाथीने रनवे बंद पडले आणि बाहुल्या पुन्हा कामाला लागल्या. मोस्किनोसाठी जेरेमी स्कॉट यांनी जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेकडून कळसूत्री बाहुल्या करवून त्यांचाच शो चित्रित केला. पहिल्या रांगेतले समीक्षकही बाहुल्याच, त्यांत ॲना विंटूरसुद्धा! त्याआधी जुलैमध्ये डिऑर घराण्याने इटालियन दिग्दर्शक मातेओ गारोने यांच्याकडून ‘ल मीत डिऑर’ हा लघुपट करवला. दोन सेवक एक पेटारा उचलून अरण्यातून जातात. आत छोट्या कपड्यांचा संग्रह. वनदेवता, जलपरी येऊन आपापला पोशाख निवडतात, सेवक टेपने मापे घेतात. प्रेरणा ‘तेआत्र द ला मोद’ची, हे उघडच सांगितले होते. चित्रे देखणी आहेत. पण वनातल्या साऱ्या अप्सरा गोऱ्याच का, असा सवाल लगेच झाला आणि तो रास्त होता. शिवाय कॉक्तोंच्या खोलीला जळल्याचा वास होता. या अरण्यात महासाथीची सावलीदेखील नाही.

लघुपटाच्या आरंभी मात्र शिवणघरातले हात दिसतात, ते महत्त्वाचे. मेरीहिलच्या बाहुल्या आजही ओळखल्या जातात त्या घराण्यांच्या नावांनी. काज करणाऱ्या बाईचे नाव कोणाला ठाऊक नाही. आणि आता त्या हातांचा पत्ता नेहमी पॅरिसचाच असतो असेही नाही. या लघुपटाच्या सहा महिने आधी, जानेवारी २०२० मध्ये, डिऑरचा ओत कुतूर शो पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या आवारात झाला. आत टांगलेले जुडी शिकागो यांच्या संकल्पनेचे भव्य पडदे मुंबईच्या चाणक्य हस्तकला विद्यालयातील स्त्रियांनी भरले होते. जरदोजी आणि आरीचे काम मुंबईत प्रामुख्याने पुरुष कारागिरांच्या हाती राहिले आहे; २०१६ मध्ये सुरू झालेले हे विद्यालय ते मुद्दाम स्त्रियांना शिकवते. ३० मार्च २०२३ रोजी डिऑरचा शो गेटवे ऑफ इंडियासमोर झाला, तेव्हा कमानीपुढे उभारलेले उत्तुंग तोरणही चाणक्यच्याच कारागिरांनी भरले होते.