राजीनामा दिला, मग निलंबन आले



२३ नोव्हेंबरला दुपारी साडेतीनच्या सुमारास शिपायाने पोचवहीत आमची सही घेतली आणि हातात लिफाफा दिला. राजीनामा देऊन चौदा दिवस झाले होते. ९ डिसेंबर हा शेवटचा दिवस आणि ११ डिसेंबरला सांगलीत नव्या कामावर हजर व्हायचे, असे ठरलेले. आम्हाला वाटले, कार्यमुक्तीचा कागद लवकर निघाला. उघडून पाहिले तर वर ठळक अक्षरात लिहिले होते, 'निलंबन आदेश'.

(आम्ही म्हणजे एकटेच. पण या सतरा दिवसांत घर आमच्याबरोबर निलंबित होते, म्हणून 'आम्ही'.)

साताऱ्यातल्या एका धर्मादाय संस्थेच्या वसतिगृहात आम्ही सहा वर्षे समाजसेवक म्हणून काम केले. नाव लिहीत नाही. अर्ज अजून चालू आहेत. आरोप असा की ७ नोव्हेंबरला अकरा मुलांना विनापरवाना वसतिगृहाबाहेर नेले. कुठे नेले, ते आदेशात नव्हते. आम्ही सांगतो. प्रतापसिंह हायस्कूलमध्ये नेले होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव त्या शाळेत दाखल झाले, रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. म्हणजे शासनाने साजरा करायला सांगितलेला दिवस साजरा केला, म्हणून आम्ही घरी.

पण इथे आमची चूकही सांगितली पाहिजे. लेखी परवानगी आम्ही घेतली नव्हती. अधीक्षकांना तोंडी विचारले, ते म्हणाले, "जा की, संध्याकाळच्या जेवणाआधी आणा म्हणजे झालं." एवढ्यावर गेलो. शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. करताना नोकरशाहीवर वेबर काय म्हणतो ते पाठ केले होते, पण तोंडी परवानगी ही परवानगीच नसते, हे डोक्यात शिरले नाही. चौकशीच्या वेळी अधीक्षकांना आठवेना. आम्हाला त्यांचा रागही आला नाही. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती.

सहलीमुळे निलंबन होत नसते. जुलैत आम्ही व्यवस्थापनाला एक पत्र दिले होते. घरी गेलेली मुले हजेरीपटावर हजर दिसतात आणि त्यांच्या नावावर धान्य खर्ची पडते, असे त्यात तारखांसह लिहिले होते. चार महिने त्या पत्राचे काही झाले नाही, आमचेही काही झाले नाही. राजीनामा दिला तेव्हा मात्र त्यांच्या लक्षात आले असावे, की आत असलेला माणूस गप्प राहू शकतो, बाहेर पडलेला राहीलच असे नाही. आदेशाच्या तिसऱ्या दिवशी कार्यालयातून एकजण घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "जुलैचं पत्र गैरसमजातून दिलं होतं, एवढ्या दोन ओळी लिहून द्या. संध्याकाळी कार्यमुक्ती घेऊन जा."

रात्री बायकोने वहीत हिशेब मांडला. साताऱ्याचे घरभाडे, सांगलीच्या खोलीची दिलेली अनामत, मुलीची फी. ती म्हणाली, "अहो, दोनच ओळी आहेत." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "पण त्या दोन ओळी कायम त्यांच्या फायलीत राहतील."

मित्रांनो, आपल्या चळवळीत अशा प्रसंगी बाणेदारपणाची भाषा फार होते. आमच्या मनात त्या रात्री बाणेदार असे काही नव्हते. सही करावी असे किमान तीनदा वाटले. आठवत होते ते आजोबा. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात ते तराळ होते. सरकारी टपाल पोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मेलेले ढोर ओढणे, गावात मयत झाले की परगावी सांगावा नेणे. कामाला वेळ नाही, मोजमाप नाही, पगार जवळजवळ नाही. आणि सोडायची सोय नाही. बापाचे वतन म्हणून मुलाचे. त्या नोकरीत राजीनामा नावाचा कागदच नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या गुलामीच्या मुळावर घाव घालायला. गावातल्या कितीतरी जणांना तेव्हा वतनाची जमीन जाईल याचीच भीती वाटली होती. आमच्याच लोकांना. वतने कायद्याने गेली ती बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कायद्याने. म्हणून आमचे म्हणणे असे, की नोकरी मिळवणे हा आपल्या लढ्याचा एक भाग आहे, तसा नोकरी सोडता येणे हाही आहे. आरक्षणावर आपण हजार लेख लिहितो, यावर एकही नाही.

आता कायद्याचे, कारण हे तुमच्यापैकी कोणाला तरी लागणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संजय जैन विरुद्ध नॅशनल एव्हिएशन कंपनी या प्रकरणात सांगितले, की राजीनामा देणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, इच्छा नसताना कोणाला राबवून घेता येत नाही. पण त्याच निकालात अपवाद आहेत. नियमात किंवा नेमणुकीच्या अटींत तसे बंधन असेल, किंवा शिस्तभंगाची चौकशी चालू वा प्रस्तावित असेल आणि ती टाळण्यासाठी माणूस राजीनामा देत असेल, तर गोष्ट वेगळी. आमच्या आदेशात 'चौकशी प्रस्तावित आहे' हे शब्द का घातले होते, ते आता कळेल. ते वाक्य आमच्या सांगलीच्या वाटेवर टाकलेला धोंडा होता.

शेजारी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी आदेश दोनदा वाचला आणि म्हणाले, "नेमणूकपत्र आण." दोन पानांचे नेमणूकपत्र. त्यात एक महिन्याची नोटीस होती, वेतन होते, रजा होत्या. निलंबनाचा शब्द कुठेच नव्हता. सेवानियम असे काही संस्थेने आम्हाला कधी दिलेच नव्हते. सरकारी नोकरांना नियमांनी बांधलेले निलंबन असते आणि त्यात निर्वाह भत्ता मिळतो. कारखान्यांसाठी १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच झाला, आणि १९८२ मध्ये त्यात भर पडली, की निलंबित कामगाराला पहिले नव्वद दिवस निम्मे वेतन द्यायचे. आमच्यासारख्या संस्थावाल्यांचे काय? १९५९ चा हॉटेल इम्पिरियलचा निकाल आहे. मालकाला निलंबनाचा अधिकार करारात किंवा नियमात नसेल, तर तो 'कामावर येऊ नको' एवढे म्हणू शकतो, पण पगार पूर्ण द्यावा लागतो. दिल्लीतल्या हॉटेल कामगारांच्या खटल्यातला हा निकाल साताऱ्यातल्या एका समाजसेवकाच्या कामी आला.

निर्वाह भत्त्याला हलके समजू नका. याच महाराष्ट्रात नियम होता, की शिक्षा झालेल्या निलंबित सरकारी नोकराला अपील चालू असताना महिना एक रुपया भत्ता द्यायचा. १९८३ मध्ये चंद्रभान टाले यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कोलारच्या सोन्याच्या खाणीतले कॅप्टन पॉल अँथनी यांना भत्ताच दिला नाही, त्यामुळे चौकशीला जाता आले नाही, आणि गैरहजेरीत बडतर्फी झाली. ती १९९९ मध्ये कोर्टाने मोडली. माणसाला आधी उपाशी ठेवायचे आणि मग तो चौकशीला का आला नाही म्हणून विचारायचे, ही रीत जुनी आहे.

आम्ही उत्तर लिहिले, एक पान. दोन ओळी देणार नाही. आरोप लेखी द्या, निलंबनाचा अधिकार कोणत्या अटीखाली वापरला ते सांगा, ९ डिसेंबरपर्यंतचे पूर्ण वेतन द्या. तोंडी परवानगीवर मुले नेली हे मान्य, त्याबद्दल ताकीद दिली तर स्वीकारू. पोच घेतली. शिक्का मारायला कारकून तयार नव्हता, म्हणून त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पुन्हा पाठवले.

सांगलीला कळवायचे की नाही, हा खरा पेच होता. मित्र म्हणाले, गप्प बस, कोण विचारतंय. आम्ही फोन करून सगळे सांगितले, आमच्या चुकीसकट. समोरच्या मॅडम बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "२० डिसेंबरपर्यंत थांबते. त्यापुढे मला जमणार नाही." त्यांचेही बरोबर होते.

आदेशात मुख्यालय सोडू नये अशी अट होती. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्यासाठी आम्ही रीतसर परवानगी मागितली. उत्तर आले नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा दादरला गेलो नाही. अट मोडून त्यांच्या हातात नवा आरोप द्यायचा नव्हता. त्या दिवशी साताऱ्यातच माता भीमाबाईंच्या स्मारकावर जाऊन बसलो. बाबासाहेबांची आई याच गावात गेली, भिवा तेव्हा किती लहान होता. आणि डोक्यात १९५१ होते. २७ सप्टेंबरला त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा लिहिला, हिंदू कोड बिलासाठी. तरी आपल्या नावावरची कामे पुरी करायला ते थांबले. ऑक्टोबरात निवेदन करायला उभे राहिले, तर उपसभापतींनी आधी प्रत मागितली. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले. नोटीस पिरियड त्यांनाही सुखाने काढू दिला नाही, असे मनात आले आणि त्या अवस्थेतही हसू आले.

१४ डिसेंबरला संस्थेने निलंबन मागे घेतले. चौकशी नाही, दोषारोपपत्र नाही, कारण नाही. कार्यमुक्ती आदेशात एक ओळ होती, 'निलंबन कालावधीबाबत स्वतंत्र निर्णय घेण्यात येईल.' अनुभव प्रमाणपत्र दिले नाही. दुसऱ्या दिवशी जुलैच्या पत्राची प्रत समाजकल्याण कार्यालयात दिली, शिक्क्याची पोच घेतली, आणि १७ तारखेला कराड-इस्लामपूर मार्गे एसटीने सांगलीला आलो. मांडीवर फाईल होती. पिशवी वर ठेवली, फाईल ठेवली नाही.

२३ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर, सतरा दिवसांचे वेतन अजून बाकी आहे. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही स्मरणपत्र पाठवतो. तिसऱ्याची पोच गेल्या आठवड्यात आली.